पुनवेची चावी

धरमतरच्या खाडीकाठचा, मिठाच्या एका व्यापाऱ्यानं कधीकाळी बांधलेला दगडी बंगला विकायचं काम माझ्याकडे आहे. चावी मात्र राखणदाराकडे असते. साठीचा माणूस, बारमाही अनवाणी. बोलतो माझ्याशी, पण बघतो खाडीकडे. गिऱ्हाईक कधी आणू विचारलं की तारीख सांगत नाही. "पुनवेला आना, शेट. दुपारी बाराला." एरवी कधी गेलं तर चावी हटकून जिते गावाला, त्याच्या बहिणीकडे राहिलेली असते.

पुनवेला दुपारी उधाणाची भरती असते. पाणी बंगल्याच्या तीन पायऱ्या चढून येतं. हा चौथ्या पायरीवर उभा राहून आधी ते पाणी दाखवतो, खोल्या नंतर. तीन गिऱ्हाइकं खोल्या न बघताच परत गेली.

शेवटी मी भडकलो. "काका, हे घर विकलंच जाऊ नये असं वाटतं ना तुम्हाला?"

"इकाला पायजेच," तो शांतपणे म्हणाला. "पन पान्याला भिनारा मानूस नको. तो आल्याआल्या भिंत घालल. मंग हा पानी जानार कुठं? आमच्या शेतान."

त्या वेळी तो खाडीकडे बघत नव्हता. शेजारच्या प्लॉटला नवी, उंच भिंत आहे, तिच्याकडे बघत होता. तो प्लॉट मीच विकला होता. हे त्याला माहीत होतं.

परवा पुण्याहून एकांचा फोन आला, बंगला बघायला रविवारी येऊ का?

"थांबा," मी म्हटलं, "पौर्णिमा कधी आहे बघतो."