मधाऐवजी बल्ब

"मॅडम, गाण्यात मध आहे. ही पोरगी बल्ब का दाखवतेय?"

मुख्याध्यापक सरांनी रिहर्सल थांबवली.

आमची शाळा नगरजवळची, कर्णबधिर मुलांची. मी तिथे सांकेतिक भाषेची दुभाषी आहे. लोक बोलतात ते मी हातांनी सांगते, मुलं हातांनी सांगतात ते बोलून दाखवते. गॅदरिंगला संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः लिहिलेलं गाणं होतं. त्यातली ओळ, 'आईची हाक मधाची धार'. राहुरीकडची नववीतली कोमल ते गाणं हातांनी सादर करणार होती.

तयारीला मी वहीत रकाने आखले होते. आईची हाक मराठी गाण्यात मध, हिंदीत बासरी, इंग्रजीत घंटा. तिन्ही ऐकणाऱ्यांच्या उपमा. चौथा रकाना सांकेतिक भाषेचा, तो कोरा होता.

मी मधाची खूण केली. कोमलने खुणेनेच विचारलं, "आई जेवायला बोलावते का?"

"मग तुझी आई तुला हाक कशी मारते?"

तिने मूठ वर धरून उघडझाप केली. आई दिव्याचं बटण खालीवर करते. बल्ब लुकलुकला की समजायचं, आई बोलावतेय. मी रकाना भरला.

हे सगळं सरांना सांगितलं.

"अध्यक्ष पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्या कवितेचा बल्ब करता? मध दाखवा, नाहीतर दुसरी मुलगी घ्या."

"दुसरीच्या घरीही बटणच आहे, सर. मध मी शिकवणार नाही."

"लेखी द्याल?"

दिलं. तीन मुद्दे, तारीख, सही.

कार्यक्रमाच्या सकाळी सरांनी स्वतः कोमलला मधाची खूण शिकवली आणि मला मागच्या रांगेत बसवलं. ती ओळ आली. कोमलने एकदा सरांकडे पाहिलं, मूठ वर धरली आणि उघडझाप केली.

मुलांनी सगळीकडून हात वर करून हलवले. आमच्याकडे टाळ्या अशाच असतात. प्रेक्षकांत कोमलची आई उभीच राहिली. "आगं बया, ही तर माझंच सांगतीय! आमच्या घरी बल्ब असाच लुकलुकतोय!"

"मी मध लिहिलं होतं," अध्यक्ष सरांना म्हणाले.

सोमवारी मला मेमो आला. उत्तर एका ओळीत दिलं: 'गाणं ज्यांच्यासाठी होतं, त्यांना कळलं.' पुढे काही झालं नाही.

उपमा बदलताना कवीची परवानगी मागत बसू नये. ती ज्याच्यापर्यंत पोचवायची, त्याच्या घरी काय चालतं ते विचारावं.