टीव्हीवर टेकवलेला गज

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "हमीदचाचा गेले गं... सकाळी दुकान उघडतानाच." फोन ठेवला आणि त्यांनी आदल्या संध्याकाळी पाठवलेला फोटो उघडला. टीव्हीत थांबवलेल्या मॅचवर उभा धरलेला, कापड मोजायचा त्यांचा लोखंडी गज आणि खाली, 'बेटा, अब बोल.' त्याखाली माझं उत्तर होतं, 'ऑफसाइडच आहे, चाचा.' दोन निळ्या खुणा... पुढं काही नाही.

चाचा चिकलठाण्यात आमच्या समोरच राहायचे. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान. आजोळ हैदराबादचं, म्हणून फुटबॉलचा संघही तिथलाच. गल्लीत सगळे क्रिकेटवाले. फुटबॉल बघणारे आम्ही दोघंच. शाळेत असल्यापासून मी त्यांच्या सोफ्याच्या कडेला बसून मॅच बघायचे. संघ हरला की दोष रेफरीचा. "अपने पे खार खाता ये!" म्हणत ते चित्र थांबवायचे आणि गज पडद्यावर टेकवायचे. "बघ, टाच मागं हाय का नाय?" आतून चाची ओरडायच्या, "टीव्ही फोडते क्या जी? कपडा नापो, मॅच नक्को नापो!" मी हळूच म्हणायचे, "चाचा, कॅमेरा तिरका आहे. अशी रेघ सरळ येत नाही." "तू रेफरीची भाची हाय का गं?" ते हसायचे, पण गज कोपऱ्यात ठेवताना चेहरा उतरलेला असायचा. तो मला दिसायचा.

मला चारचौघांत बोलता येत नाही. इंग्रजी शाळेत एक सवय लागली, उत्तर बरोबर असेल तरच हात वर करायचा. म्हणून मी फुटबॉलचे नियम पाठ केले. चाचांशी बोलायला माझ्याकडं तेवढंच होतं. एकदा रेफरी खरंच चुकला. मला ते कळलंही होतं. तरी मी म्हणाले, "त्याच्या जागेवरून दिसलं नसेल." चाचांनी मॅच पुढं चालू केली. दिवसभर गिऱ्हाइकाचंच बरोबर म्हणणाऱ्या माणसाला संध्याकाळी आपल्या बाजूनं चिडणारं कुणीतरी हवं होतं. आणि मी तिथंही न्याय करत बसले...

गेल्या रविवारी चाचींना भेटायला गेले. टीव्हीवर मॅच चालू होती, आवाज बंद. "उनके टाइम को लगा देती मैं. समझता कुछ नै," त्या म्हणाल्या. तेवढ्यात आमच्या संघाचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला. खेळाडूंनी रेफरीला घेरलेलं पाहून चाचींनी विचारलं, "क्या हुआ बेटा?"

मी चित्र थांबवलं. कोपऱ्यातला गज उचलून पडद्यावर टेकवला. आमचा खेळाडू त्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या चांगला हातभर पुढं होता. ते कळायला रेघेचीही गरज नव्हती.

"बेईमानी, चाची," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "साफ बेईमानी."

चाचींनी ओढणीनं डोळे टिपले. "येईच बोलते थे वो."

मी गज लगेच खाली घेतला नाही.