खाकी कागदावरचं शहर

ज्या दुपारी भाऊजींनी सहलीचा बेत मांडला, त्या दुपारी माझ्या ताईच्या तोंडचं पाणी पळालं आणि मला वाटलं, बाई उगाच नखरे करते आहे.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. धंद्याने शिंपी, चाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच टेबलाशी उभे. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. बोलणं मोजकं, आणि जे बोलतात तेही तोंडात टाचण्या धरून, त्यामुळे अर्धं कळतच नाही. ताई त्याच दुकानात मागे बसून काजं-बटणं आणि तुरपाई करते. दोघांना मूलबाळ नाही. मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते, लोकांना वेळा देते, म्हणून तिकिटं, बुकिंग असली सगळी कामं आपोआप माझ्याच गळ्यात पडतात. तक्रार नाही, पण कुणी कधी चांगलं म्हणालं तर मला चालेल.

त्या दुपारी टेबलावर कापडाऐवजी खाकी कागद अंथरला होता, ज्याच्यावर ते कोटाचे नमुने आखतात तोच. त्यावर खडूने अख्खं शहर काढलेलं. बाहेरून तटबंदी, तिला बारा दरवाजे, मध्ये किल्ला, घड्याळाचा मनोरा, पायऱ्यांची विहीर आणि एका कोपऱ्यात रंगाऱ्यांच्या गल्ल्या. कुठल्याशा पर्यटनाच्या पुस्तिकेतून उतरवून घेतलं होतं, पण रेषा इतक्या स्वच्छ, की आता हे कापून कुणाला तरी शिवायचंच बाकी आहे असं वाटत होतं. कडेला दोन दिवसांचा बेत लिहिला होता. पहिल्या दिवशी किल्ला आणि मनोरा, दुसऱ्या दिवशी विहीर आणि गल्ल्या.

"ह्या गावचं कापड जन्मभर कापतोय," भाऊजी म्हणाले. "एकदा ते रंगवताना बघू दे."

मी खूश झाले. ज्या माणसाने दुकान कधी सलग दोन दिवस बंद ठेवलं नाही, तो स्वतःहून फिरायला चला म्हणत होता. ताईने मात्र मान वर न करता सांगितलं की तिचे गुडघे दुखतात. ताईचे गुडघे! आमचे तीन जिने ती दोन पिशव्या घेऊन चढते आणि वर येऊन मलाच विचारते, तुला धाप का लागली.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली. दात दाखवायला नव्हे. पेशंटांच्या बाकावर टोकाला बसली आणि हळू आवाजात म्हणाली, त्यांना सांग की खोली मिळत नाही.

मी कारण विचारलं, एकदा, दोनदा, आणि मग जरा आवाज चढवून. तेव्हा सगळं बाहेर आलं. गेल्या चार महिन्यांत भाऊजींनी तीन शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. दुसरी बाही कापताना नमुना उलटा ठेवायचा, हे शिकाऊ माणसालासुद्धा पहिल्या आठवड्यात सांगतात. पहिल्यांदा ती हसली होती. दुसऱ्यांदा तिने उरलेल्या तुकड्यातून उजवी बाही गुपचूप स्वतः कापली. तिसऱ्यांदा ती घाबरली. मग एक दिवस दोरे आणायला गेलेले भाऊजी दोन तास परतलेच नाहीत. ती शोधायला निघाली, तर ते दुकानापासून दोन गल्ल्यांवरच्या चौकात उभे होते. दुकानांच्या पाट्या वाचत होते, एक झाली की पुढची. हिला पाहून म्हणाले, बरं झालं आलीस, चहा घेऊ या.

"त्यांनी मला ओळखलं," ताई म्हणाली. "रस्ता नाही ओळखला. आणि तिथे बारा दरवाजे आहेत गं."

मी म्हणाले, आधी डॉक्टरांना दाखवू, सहलीचं मग बघू. ताईने माझा हात घट्ट धरला. भाऊजींना ह्यातलं काहीच माहीत नाही, ती म्हणाली. तिने कळू दिलेलं नाही. कळलं तर ते त्याच दिवशी कात्री खाली ठेवतील, आणि कात्री ठेवल्यावर त्या माणसात काय उरेल, ह्याची तिला गल्लीत हरवण्यापेक्षाही जास्त धास्ती होती.

मग तिने पर्समधून ती पुस्तिका काढली. दुमडलेल्या पानावर छापलं होतं, या गल्ल्यांमध्ये हरवून जाण्यातच खरी गंमत आहे. एरवी मी असल्या वाक्यावर दहा मिनिटं हसले असते. आम्ही दोघींनी ते वाचलं आणि तिने पान पुन्हा दुमडलं.

फोनवर खोटं बोलणं हे माझं रोजचं काम. आमचे डॉक्टर आत डबा खात असतात तेव्हा ते बाहेरगावी गेलेले असतात. तेव्हा भाऊजींना एवढंसं खोटं सांगणं मला काय जड जाणार होतं! संध्याकाळी दुकानात गेले आणि सांगून टाकलं की तिथल्या सगळ्या खोल्या भरल्या आहेत.

भाऊजींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत टोचल्या. माझ्याशी बोलायला त्यांनी याआधी कधी टाचण्या काढल्याचं मला आठवत नाही.

"मग पुढच्या आठवड्यात बघ," ते म्हणाले. "नाही तर त्याच्या पुढच्या. पण फार पुढे ढकलू नकोस."

मला त्यांच्याकडे बघवेना. रस्त्यावर आले आणि तिथूनच हॉटेलला फोन करून खोली घेतली. ताई माझ्यावर भयंकर चिडली. बोलली नाही दोन दिवस. मग मात्र तिने स्वतःचा बेत आखायला घेतला, आणि त्याचा तपशील ऐकून मलाच घाम फुटला. ती त्यांची बाही सोडणार नव्हती. विहिरीच्या पायऱ्यांवर त्यांच्या पुढे चालणार होती. आणि दोन दिवस घोटभरच पाणी पिणार होती, म्हणजे त्यांना एकटं सोडून कुठे जावं लागणार नाही.

निघायच्या आदल्या सकाळी मी बॅगा भरायला गेले. भाऊजी शेजाऱ्याकडे किल्ली द्यायला गेले होते. सहलीसाठी त्यांनी स्वतःला दोन नवे शर्ट शिवले होते. ते मी इस्त्रीला घेतले, तर कॉलरखाली इस्त्री अडखळली. शिंप्याच्या स्वतःच्या शर्टाला कधी लेबल नसतं, कशाला असेल? मी कॉलर उलटली.

आत पांढरी पट्टी शिवली होती आणि तिच्यावर निळ्या दोऱ्याने बारीक अक्षरं भरली होती. 'मी रस्ता विसरलो असेन. कृपया फोन करा.' खाली ताईचा नंबर. बाहेरून एक टाका दिसत नव्हता.

दुसऱ्या शर्टातही तशीच पट्टी. ताईने खुंटीवरचा कोट काढला, जो ते बाहेर जाताना नेहमी घालतात आणि ब्रश स्वतःच मारतात. आतल्या खिशात पट्टी होती. शर्टांवरच्या कोऱ्या होत्या. ही मळलेली, कडा झिजलेली, दोरा फिका पडलेला. तीन डाव्या बाह्यांच्याही आधीची असणार.

ताई कोट मांडीवर घेऊन खाली बसली. चार महिने ती एकटी घाबरत होती, आणि तिच्यापासून चार हातांवर उभा राहून तो माणूस त्याहून जास्त दिवस एकटा घाबरत होता. मला रडू आलं, आणि दोघांचा भयंकर रागही आला.

भाऊजी परत आले. उलटलेल्या कॉलरी त्यांना दारातूनच दिसल्या असणार, कारण ते तिथेच थांबले.

"तुला घाबरवायचं नव्हतं," ते म्हणाले.

ताई उठली. बॅगेत घडी करून ठेवलेला स्वतःचा ब्लाउज तिने काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"ह्यालाही लावा."

"तुला कशाला?"

"मी हरवले तर मला कोण आणून देईल?"

ते खुर्चीवर बसले. पट्टी कापली, सुईत निळा दोरा पहिल्या झटक्यात ओवला. अक्षरं भरून झाली तरी ताई तिथेच उभी होती. मग त्यांनी विचारलं, नंबर कुठला घालू? ती म्हणाली, तुमचा. त्यांनी सुई पट्टीला लावली, आणि हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझा काय आहे?"

खरं सांगायचं तर माझा नंबर मलाही बघावा लागतो. ताईने स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"नऊ," ती म्हणाली. त्यांनी नऊ भरला, दोरा ओढला आणि मान हलवली. मग तिने पुढचा आकडा सांगितला. दहा आकडे भरायला बराच वेळ लागला, आणि दोघांनीही घाई केली नाही.