फूल झालं, शेंग राहिली

किस्से काही कोणी गोळा करत नाही. रानातून आल्यावर कपड्यांना कुसळं चिकटलेली असतात तसे ते आपोआप येतात, मग घरी बसून एकेक काढत राहायचं. आमचा रविवारचा ग्रुप तीन जणांचा. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले पोहनकर सर, इलेक्ट्रिकचं दुकान आणि एक जुनी गाडी असलेले बंडूभाऊ, आणि शाळेत विज्ञान शिकवून आठवडाभर घसा बसवून घेणारी मी. नागपूरच्या आसपास वाटाण्याच्या कुळातलं जे काही रानटी उगवतं, त्याचं नाव शोधायचं, एवढंच आमचं काम. रविवारी लोक उशिरापर्यंत झोपतात म्हणे. मी फक्त ऐकून आहे.

सरांचा नियम असा की फूल पाहिजे आणि शेंगही पाहिजे, त्याशिवाय नाव नाही. या कुळातली निम्मी मंडळी पानावरून सारखीच दिसतात. "नुसतं पान पाहून नाव सांगणारा माणूस उद्या चप्पल पाहून पत्रिका मांडेल," असं सर म्हणतात.

*

लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. मौद्याच्या एका बाईंनी एका हिरव्यागार वेलीचा फोटो पाठवला. मी विचारलं, फूल आहे का? नाही. शेंग? तीही नाही. सर म्हणाले, वाट पाहा. बाईंनी पावसाळाभर वाट पाहिली. दर आठवड्याला नवा फोटो यायचा आणि त्यात तीच पानं असायची.

शेवटी मी विचारलं, ही वेल आहे तरी कुठे?

"मी गुडघे शेकायला जाते ना, त्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये."

बंडूभाऊ कामानिमित्त तिकडे गेले तेव्हा हात लावून पाहून आले. प्लास्टिकची होती. सर एवढंच म्हणाले, "तरीच एकाही पानाला अळी लागली नाही."

*

हिंगण्याच्या रस्त्याकडेला सर एकदा भिंग लावून जमिनीला नाक टेकवून बसले होते. समोर एक वीतभर रोपटं. कारखान्याची शिफ्ट सुटली होती. एक मोटरसायकल थांबली, मग दुसरी, मग पाच-सहा.

"काय हरवलं जी?" एकाने विचारलं.

"शेंग शोधून राहिलो," सर मान वर न करता म्हणाले.

नागपूरचा माणूस मदतीला कमी पडत नाही. सगळे गाड्या लावून उतरले आणि गवत तुडवत शोधायला लागले. कोणाला एक नट सापडला, कोणाला किल्ली. थोड्या वेळाने पहिला माणूस परत आला. "सापडली का जी?"

सरांनी त्याच्या बुटाखाली पाहिलं. "होती," ते म्हणाले. "आता नाही."

*

बंडूभाऊंना एकदा एका वेलीवर मखमली लव असलेल्या सुंदर शेंगा दिसल्या. सरांना द्यायच्या म्हणून त्यांनी त्या रुमालात बांधल्या. पुढे ऊन लागलं तेव्हा त्याच रुमालाने तोंड पुसलं. ती खाजकुयरी होती. गाडी मला चालवावी लागली, आणि मला गाडी फारशी येत नाही.

"सर, तुम्ही मले आधी सांगतलं काहून नाही?" मागच्या सीटवर बंडूभाऊ कळवळत होते.

"मागच्या वर्षी सांगितलं होतं," सर म्हणाले. "तुम्ही विसरलात. आता नाही विसरणार."

*

सर या दिवाळीनंतर मुलीकडे बंगलोरला जाणार आहेत, कायमचे. इथलं घर विकलं. जन्मभर वाळवून कागदांवर चिकटवलेली झाडं कॉलेजला देऊन टाकली. एकच कागद स्वतःजवळ ठेवला, कारण त्यावर नाव नव्हतं. मला ते जाणार याचं वाईट वाटतं. रविवारी झोपायला मिळेल हेही मनात येतं, आणि मग जास्तच वाईट वाटतं.

तो कागद कळमेश्वरकडच्या एका वेलीचा. सुनंदाताईंच्या शेताच्या कुंपणावर ती चढलेली आहे. सारख्या दिसणाऱ्या दोन वेलींपैकी ती कोणती, हे फक्त शेंगेवरच्या लवेवरून कळतं. आम्ही वर्षानुवर्षं जातोय. कधी बकऱ्यांनी खाल्ली, कधी कुंपणाला आग लागली, कधी आम्हीच लवकर गेलो. दर वेळी सर कुंपणाशी उभे राहून विचारायचे, "ताई, शेंगा?" आणि सुनंदाताई ओशाळून म्हणायच्या, "यंदा बी नाही जी."

या वर्षी फूल आलं. मग त्यांचा फोन आला, शेंगा धरल्या म्हणून. सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, रविवारी येतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नका."

"कोणालेच नाही लावू देत जी," त्या म्हणाल्या.

रविवारी पोचलो तर अंगण सारवलेलं, सतरंजी अंथरलेली. सर आधी कुंपणाकडे गेले. वेल होती, पण शेंग एकही नव्हती.

"सर, तिकडं काय पाहता? बसा न जी," सुनंदाताई भाकरी आणि भाजीची ताटं घेऊन आल्या. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "इतक्या वर्षांपासून शेंगांसाठी येऊन राहिले तुम्ही. दर वेळी उपाशी गेले. आमच्या माहेरी लय चांगली भाजी करतात याची. घरच्या पोरांलेबी हात नाही लावू देला, साऱ्या तुमच्यासाठीच तोडल्या."

बंडूभाऊ माझ्याकडे पाहत होते, मी ताटाकडे. तिखट घालून मऊ शिजवलेल्या शेंगा, बोटभर लांबीचे तुकडे केलेले.

"याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी कसंबसं विचारलं.

"शेंगाच म्हणतो जी."

सर सतरंजीवर बसले. एक घास खाल्ला. सावकाश चावला. मग खिशातून भिंग काढून पुसलं, ताट डोळ्यांजवळ नेलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"आवडली न सर?"

"फार छान झाली," सर म्हणाले. "अजून थोडी वाढा. जमलं तर कमी शिजलेली."