पिस्टनच्या धातूची पोपटी

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण आधी शब्द द्या. ही गोष्ट रोह्याला आमच्या कंपनीपर्यंत जाता कामा नये. तिथे मला अजून लोक मॅडम म्हणतात हो!

आमची कंपनी अल्युमिनियम ओतून इंजिनाचे पिस्टन बनवते आणि मी तिथल्या लॅबमध्ये. कुठल्या भट्टीत किती तांबं, किती निकेल, ते मी सांगते. नुसतं अल्युमिनियम तापलं की ढिलं पडतं. त्यात सिलिकॉन, तांबं, निकेल, चिमूटभर मॅग्नेशियम गेलं की इंजिनाच्या उष्णतेतही ताठ राहतं. हे मी घरी इतक्यांदा सांगितलंय की मांजरालासुद्धा पाठ असेल.

तर इथे पेणला माझ्या नणंदेला, मनीषाला, रोह्याजवळच्या अष्टमी गावचं स्थळ आलं. मुलगा डोलवीला स्टीलच्या कंपनीत. फोटो बघूनच बाईसाहेबांनी मनातल्या मनात होकार देऊन टाकलेला. पाहुणे येणार म्हटल्यावर माझे सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले, "वालाच्या शेंगा भरल्यात. शेतावर पोपटी लावू. आपल्याकडं पावण्याला याच्याहून मोठा मान नाय."

मडक्यात शेंगा, कोंबडी, अंडी, भांबुर्डीचा पाला भरायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ लावायचा. झाली पोपटी. मी मधे तोंड घातलं नसतं तर खरंच झाली असती.

"पण बाबा, गेल्या वर्षी मडकं तडकलं होतं."

"मातीचं हाय. तडकतं कधीतरी."

"मी कंपनीतून ओतून आणते ना! पिस्टनच्या धातूचं. तडकायचं नाव घेणार नाही!"

मनीषानं माझा हात धरला. "वहिनी, माझं लगीन हाय. तुझा प्रयोग नाय."

"विश्वास ठेव गो!"

साहेबांची परवानगी काढून ओतलं मडकं. काय चकाकत होतं! बाबांनी त्यावर टिचकी मारली आणि बाजूला ठेवलं.

पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. बाबांनी पेंढा रचला, लाकडं लावली, म्हणाले, "बस झाला जाळ."

"घाला अजून, बाबा! हे काय मातीचं आहे?"

ऐकताय ना, कोण बोलतंय? मी! एक मोठा ओंडका तर मीच उचलून लावला. वर मुलाला ऐकवलं, "आमचं अल्युमिनियम तुमच्या स्टीलपेक्षा कमी नाही हं!"

थोड्या वेळानं मुलाची आई म्हणाली, "गो सूनबाय, ढीग खाली बसला वाटतं."

"लाकडं जळतात ना मावशी, म्हणून."

"आन हा वास कसला?"

"मसाला मुरतोय!"

इतक्यात राखेखालून एक चंदेरी ओघळ निघाला आणि मुलाच्या वडिलांच्या चपलेकडे चालू लागला. ते टुणकन मागे! बाबांनी काठीनं राख सारली, तर मडकं कुठंय? जमिनीला टेकलेली तेवढी कड उरलेली. बाकी सगळं कोंबडीवर.

"पेणला कोंबडीला वर्ख लावतात व्हय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मी तरी गप्प बसावं! "नाही, म्हणजे, तांबं-निकेल घातल्यावर तापलं तरी ताकद टिकते..."

"किती डिग्रीपर्यंत, वहिनी?" मुलानं अगदी हळू विचारलं.

"तीनशे..." म्हणाले आणि जीभच चावली. पेटलेल्या लाकडांचा जाळ त्याच्या दुप्पट-तिप्पट! आणि वितळायचं म्हणाल तर हा भर घातलेला धातू शुद्ध अल्युमिनियमच्याही आधी वितळतो. तापल्यावर ताठ राहणं वेगळं आणि जाळात न वितळणं वेगळं. हे मला माहीत नव्हतं का? अहो, मी रोज भट्टीत तोच धातू वितळवून घेते!

मनीषाचे डोळे भरले होते. ती जाळाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. बाबा मान वर करेनात. उभ्या गावात त्यांच्या पोपटीचं नाव, आणि ते बारीक आवाजात व्याह्यांना म्हणत होते, "चुकी झाली, माफ करा." चुकी त्यांची होती का? इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. बांधाआड जाऊन पोटभर रडले.

मग नवऱ्याला बाइकवरून पिटाळलं, त्यानं वडापाव आणले. लग्नाची बोलणी करायला आलेली माणसं पेंढ्यावर बसून वडापाव खातायत आणि मी पाणी वाढतेय. कुणी माझ्याशी बोलेना. आता स्थळ गेलंच, असं मी धरून चालले होते.

शेवटी मुलाच्या आईनं हात पुसले. "पोरगी आमाला पसंत हाय. फक्त येक इचारते. मनीषा, तुला जेवण करायला कोणी शिकवलं गो?"

मनीषानं श्वाससुद्धा न घेता सांगून टाकलं. "आईनं! देवाशप्पथ आईनं! वहिनीनं मला कायपण शिकवलेलं नाय!"

"मग फोडा सुपारी," मावशी म्हणाल्या.