बिनसाखरेची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत मेंदूतल्या गाठींच्या पेशी वाढवायचं काम तिथल्या जुन्या मदतनीस मावशींकडे होतं. शस्त्रक्रियेत काढलेला गाठीचा तुकडा आला की त्यातल्या पेशी चपट्या बाटल्यांत ठेवायच्या आणि दिवसाआड त्यांना गुलाबी खुराक द्यायचा. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. एखादी बाटली जोमाने वाढली की म्हणायच्या, "खातंपितं लेकरू आहे हो हे." कॅन्सरच्या पेशींबद्दल असं बोलतात का, म्हणून मी चिडायचे. आता ते बोलणं एकदा तरी कानावर पडावं म्हणून जीव तुटतो.

माझं पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं. तीन महिने वाढवलेल्या पेशी गेल्या तर पदवीही गेलीच. आणि एका सोमवारी मावशी दारातच म्हणाल्या, "शुक्रवारी मी चुकीची बाटली उघडली गं. बिनसाखरेच्या खुराकाची. तुझ्या पेशींना तोच दिला. तू बघायच्या आधी सांगते."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. वय झालं, आता घरी बसा, हेसुद्धा. मी पेशी फेकायला निघाले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "मेलेल्यांचं नंतर रड. जगल्यात त्यांना तर बघ आधी."

सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या पेशी खरंच टवटवीत होत्या. पुढे महिनाभर तपासल्यावर उलगडलं. गाठ एकाच माणसाची, पण साखर बंद होताच बहुतेक पेशी उपाशी मेल्या आणि या मूठभर चरबी जाळून तग धरून राहिल्या. आम्ही सगळ्यांना भरपूर गोड भरवत होतो, म्हणून सगळ्या सारख्या वाटत होत्या.

"सगळ्यांना एकच वाढलं, तर कोण कशावर जगतो ते कळणार कसं?" मावशी म्हणाल्या. माझ्या प्रबंधात एवढं सोपं वाक्य एकही नाही.

बैठकीत माझ्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "साखर काढून बघायचं कोणाला सुचलं?" मावशी शेजारीच उभ्या होत्या.

"मला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी नेहमीसारखंच, जेवलीस का, म्हणून विचारलं. चूक उघड झाली असती तर त्यांची नोकरी गेली असती, मी त्यांना वाचवलं, अशी मी वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घालत आले.

मावशी वारल्या त्या आठवड्यात सर भेटले. बोलता बोलता म्हणाले, "चूक त्यांनी मला त्याच सोमवारी सांगितली होती. तुझ्याही आधी."

"मग बैठकीत विचारलंत कशाला?"

"तू त्यांचं नाव घेशील असं वाटलं होतं," सर म्हणाले. "त्यांनाही वाटलं होतं."