ओट्यावरचं अंथरूण

आगरदांड्याच्या जेट्टीवर अनंता सहाआसनी रिक्षा लावून बसे, पण चालवत नसे. माणसं आत बसत, वाट बघत आणि कंटाळून दुसऱ्या रिक्षात जात. शेवटी बायकोने, किशोरीने, त्याला अलिबागच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या. गुण आला. अनंता झोपू लागला, जेवू लागला, प्रवाशांशी भांडूही लागला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

एकच गोष्ट परत आली नाही. किशोरी जवळ सरकली की अनंताला वरचा पंखा पुसायला झालाय, एवढंच दिसे. हे सांगणार कुणाला? डॉक्टर पडल्या बाईमाणूस. बायकोला सांगावं, तर अब्रूचा पंचनामा. मग त्याने आपल्याकडच्या माणसाला सुचेल तेच केलं. हरिहरेश्वराला नवस बोललोय, म्हणाला, फिटेपर्यंत वेगळं निजायचं. आणि अंथरूण ओट्यावर नेलं.

वाडीत त्याचा मान वाढला. त्याची आई बायजा दारोदार सांगत सुटली, पोर देवमाणूस हाय माझा. काही दिवस किशोरी आरशासमोर जास्त वेळ उभी राहिली, मग आरशाकडे जाणंच तिने सोडलं.

एकदा भाकरी वाढताना तिने विचारलं, "देवाकडं मागितलंत तरी काय?"

याची तयारी अनंताने केली नव्हती. "झोप," तो म्हणाला.

इथे गडी फसला. झोप तर त्याला केव्हाच लागली होती, भरदुपारी घोरत होता. देवाने मागितलेलं दिलं आणि नवस फेडला नाही, म्हणजे घराला पीडा. दुसऱ्याच सकाळी किशोरी नारळ घेऊन रिक्षात बसली. बोटीतून रिक्षा दिघीला उतरली आणि थेट हरिहरेश्वराला लागली.

"कसला नवस?" गुरवाने विचारलं. अनंता बायकोशी खोटं बोलला होता, आईशी बोलला होता, पण हातात नारळ धरून देवासमोर त्याची जीभ उचलेना. "येतो जरा," म्हणून तो बाहेर पडला, मागोमाग किशोरीही. देवळामागची, समुद्राच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणेची वाट भरतीच्या पाण्याखाली होती. ओहोटीची वाट बघत दोघं पायऱ्यांवर बसली.

"नवस नव्हताच," अनंता म्हणाला. "गोळ्या चालू झाल्यापासून काय वाटतच न्हाय. तुझा काय दोष न्हाय त्यात."

किशोरी रडली. मग भडकली. "इतके दिस मना वाटलं, मीच नकोशी झाले! आणि तुमी देवाला मधी घातलंत?" नाक पुसून म्हणाली, "गोळ्या बंद करू नका हां. ते मागचं मना परत न्हाय बघायचं. बाईंना मी सांगते."

नारळ मात्र त्यांनी वाढवला. आणलेला कोण परत नेतो?

अलिबागला तिने सगळं सरळ सांगितलं. अनंता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला. बाई म्हणाल्या, या गोळ्यांनी असं बऱ्याच जणांना होतं, तुम्ही आधीच सांगायचं होतंत. त्यांनी गोळी बदलून दिली, मनाने बंद करू नका म्हणाल्या, आणि वेळ लागेल असंही.

घरी बायजाने विचारलं, "फिटला गं नवस?"

"फिटला," म्हणत किशोरीने ओट्यावरचं अंथरूण गुंडाळलं आणि काखेत मारलं.

"अजून काय जमायचं न्हाय," अनंता हळूच म्हणाला.

"नको जमू दे. तुमाला देवानं झोप दिली. माझी ओट्यावर घेऊन गेलात, ती द्या परत."

अनंताने उशी उचलली आणि तिच्यामागून आत गेला.